इंजिनांचं बारसं

आमच्या बसवकल्याणला रेल्वे न्हाई. सोलापूरला जावा, उमरग्याला जावा, बसनंच जावा. आन् माझ्या बैठकीत मात्र दोन गाड्या! आमचे ह्ये, शिवप्रसाद, जन्मभर पंपाच्या जळालेल्या मोटारीत नवी तार भरत आले. दुकान जावयाच्या हाती दिलं आन् बैठकीत खाटंएवढं टेबल ठोकून त्याच्यावर खेळातल्या रेल्वेचे रूळ, टेशन, बोगदा मांडून बसले. तिथं मी शिलाईचा क्लास काढणार होते! पोरी नावं घालून बसल्यात, आन् ह्यांचं आपलं कूऽऽक चालू.

जुनी तऱ्हा अशी की सगळ्या रुळाला एकच बटन. फिरवलं की दोन्ही गाड्या पळायच्या. म्हणून ह्यांनी डिजिटल करायचं काढलं. दोन्ही इंजिनांच्या पोटात चिप, चिपला नंबर. रिमोटवर ज्याचा नंबर दाबावा, तेवढंच चालणार.

"विजयश्री, दसऱ्याला दोन्ही येगळ्या चालवून दाखवतो. न्हाई चालल्या तर टेबल मोडतो, खोली तुझी."

"म्हणलाव बघा तोंडानं!" मी म्हणले.

दसऱ्याला ह्यांची थोरली बहीण गौरम्मा जनवाड्याहून आली. ह्यांनी कौतुकानं सांगितलं, "अक्का, रुळाच्या ह्या सुट्या तुकड्यावर इंजिन ठेवायचं, मग रिमोटवरनं त्याला नंबर सांगायचा."

"अगं बाई, ह्ये तर बारसं!" झालं! अक्कानं शेजारणी बोलावल्या, घुगऱ्या शिजवल्या. ह्यांनी एक इंजिन तुकड्यावर ठेवलं तर अक्का वरडली, "दोघी एकाच दिवशी घरात आल्यात. जुळ्यांचं बारसं कुणी येगळं करतंय व्हय? निजव दोघींना!" अक्कापुढं बोलायची ह्यांची टाप न्हाई. निजवलं. पहिलीला एक सांगितला, दुसरीला दोन. बायांनी कुर्रर्र केलं.

मग दोन्ही गाड्या रुळावर समोरासमोर. ह्यांनी एक दाबला. काई न्हाई. दोन दाबला, आन् दोघी एकदम सुटल्या, एकमेकींच्या अंगावर! धाडकन! डबे खाली, एक बोगद्यात उताणा. बाया पोट धरून हसायल्या, सगळ्यात जास्त मी. खोली माझी झाली!

ह्ये उठले. पाना घेतला आन् टेबलाचा नट सोडवायला बसले. शब्द मोडणारा माणूसच न्हाई त्यो. त्यांचं तोंड बघितलं आन् मी त्यांचा हात धरला.

"थांबा ओ! नंबर कुणाला लागतोय?"

"तुकड्यावर असंल त्याला."

"मग दोघी तिथंच होत्या की! दोन म्हणलाव त्ये पहिलीनं बी ऐकलं. दोघी दोनच झाल्या!"

ह्यांच्या हातातला पाना पडला. माझ्याकडं असं बघितलं, लग्नात बी तसं बघितलं नव्हतं.

चूक आपल्यावर आली म्हणून अक्का फुगली. समजूत म्हणून तिच्या मांडीवर एक इंजिन दिलं आन् दुसरीचं बारसं येगळं केलं, मग मांडीवरचीचं. आता एक नंबरची टेशनात गुमान थांबली आन् दोन नंबरची तिच्या बाजूनं झुकझुक निघून गेली. बाया नाचायल्या. मी बी नाचले, लाज कशाची?

टेबल तिथंच हाय. पोरी त्याच्याभवती मशिनी मांडून बसतेत. "काकू, लाल दोरा!" म्हणलं की मी दोन दाबते, आन् रीळ डब्यात बसून तिच्यापुढं जातंय. आनंदानं येडी व्हायची पाळी आलीय माझी.

ह्ये दारात उभे. "विजयश्री, जरा मला दे की रिमोट."

"क्लासच्या पोरींनाच मिळतोय. आधी नाव घाला."

घातलं की ओ त्यांनी! बटनाची काजं लई बारीक, सुबक करायलेत.