डिझेलमधला कडबा

नव्वद-ब्याण्णवच्या सुमाराला माळेगावच्या एसटी थांब्यासमोर तो गाड्या दुरुस्त करणारा गडी रोज दिसायचा, मिशीला ग्रीस आणि कानावर पेन्सिलीसारखा छोटा पाना. जुन्या मोटारीला त्यानं ट्रकचं इंजिन बसवलं होतं आणि इंदापूरच्या एका जीपवाल्याशी शर्यत लावली होती. अडलं होतं डिझेलच्या टाकीवर. "टाकी कुठं बसवू?" असं तो थांब्यावरच्या प्रत्येकाला विचारायचा. टपावर बसवली तर बाभळी लागायच्या, सीटखाली बसवायला बायकोची ना होती. शेवटी त्यानं डिकीत दुधाचा कॅनच बसवला. पण गाडी हिसक्यानं निघाली की डिझेल मागं जायचं आणि इंजिन बंद पडायचं.

आमचे दूधवाले दूध हिंदकळू नये म्हणून कॅनमध्ये मूठभर कडबा टाकतात. त्यानं तो डिझेलमध्ये टाकला.

शर्यतीला माळावर सगळं गाव लोटलं. गाडी खोंडासारखी उधळली आणि पहिल्याच बाभळीपाशी गप झाली. नळीत कडबा अडकला होता. जीप तर कधीच दिसेनाशी झाली.

बैल जुंपून गाडी घरी निघाली. गडी रडत असेल म्हणून मी खिडकीशी गेलो, तर हा स्टिअरिंग धरून ऐटीत बसलेला.

"राव, मागं कॅनला कान लावून बगा. डिझेल जरा तरी हिंदकळतंय का?"

मी कान लावला. खरंच, थेंबभरही हलत नव्हतं.