भागामावशीची सुई

चार बायका गोधडी शिवायला बसल्या की दोरा संपतो, दुपारही संपते. गोष्टी मात्र संपत नाहीत. गोधडी घडी होऊन माळ्यावर गेली तरी तिच्या गोष्टी पडवीतच लोळत पडतात. आमच्या पडवीत त्या इतक्या साठल्यात की कुणीतरी एकदा झाडू मारायला हवा. म्हटलं, आपणच मारावा!

आमचे हे कर्जतकडल्या चौक गावापासून कोसभर आत एका खेड्यात शाळामास्तर होते. शाळा आमच्याच घराच्या ओसरीवर भरायची आणि मागच्या पडवीत आम्ही बायका. भाताची झोडणी आटोपली की पार मृगापर्यंत रोज दुपारी गोधडीचं काम. पुढे हे मुलांवर ओरडत आणि मागे आम्ही खिदळत. एकदा शाळा तपासायला डिप्टीसाहेब आले. थोडा वेळ कान देऊन ऐकलं आणि म्हणाले, "मास्तर, तुमच्या शाळेची हजेरी मागल्या बाजूला जास्त दिसते!"

त्या हजेरीतल्या मुख्य तीन बायका सांगते. एक भागामावशी, वयानं सगळ्यांत मोठी, तोंडात मिश्री आणि हातात सुई. दुसरी तिची सून सगुणा. तिसरी राधी, जिचा नवरा मुंबईला गिरणीत होता. आणि चौथी मी, मास्तरीण.

गोधडी अंथरली की तिच्या एका कोपऱ्याला मान असायचा. पहिला टाका तिथून पडे. त्या कोपऱ्यावर जी बसेल तिनं म्हणायचं, "इथं लाल लाव, तिथं काळं लाव," आणि बाकीच्यांनी मुकाट्यानं लावायचं. तो कोपरा भागामावशीचा. घरात मुलगा ऐकत नव्हता, सून ऐकत नव्हती, बैलसुद्धा ऐकत नव्हता. पण त्या कोपऱ्यावर मावशी बसली की ती सरकार!

*

गोधडी जुन्या कपड्यांची होते हे सगळ्यांना ठाऊक आहे. कपडा जुना झाला हे कोण ठरवतं, ते मात्र पुरुषांना ठाऊक नसतं.

राधीचा नवरा गणपा एकदा शिमग्याला आला तो पाटलोण घालून! गावात पाटलोण पहिलीच. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा, अशी तो ती अख्ख्या गावाला दाखवून आणायचा. पाणवठ्याकडून जरा जास्तच वेळा. चौथ्या दिवशी पाटलोण गायब!

गणपानं घर उलथंपालथं केलं. भावाशी भांडला. शेवटी भगताकडे गेला. भगतानं तांदूळ टाकले, डोळे मिटले आणि सांगितलं, "चोर लांब नाय. तुज्या अंगालगत निजतो."

गणपानं त्याच रात्री भावाला पडवीतून उठवून गोठ्यात झोपायला पाठवलं.

पुढे तो मुंबईला परत निघाला तेव्हा राधीनं विचारलं, "नवी गोधडी कशी हाय वो?"

"मऊ हाय. मधी जरा बटन टोचतं."

बिचाऱ्याच्या डोक्यात गाडीत बसेपर्यंत प्रकाश पडला नाही!

*

आमच्या ह्यांना मात्र जुन्या चिंध्यांचा तिटकारा. त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचलं की सुशिक्षित घरातल्या स्त्रियांनी लोकरीचं विणकाम करावं, त्यानं संसाराला शोभा येते. झालं! कर्जतला कामासाठी गेले ते लोकरीचे गुंडे आणि दोन सुया घेऊन आले.

मी आपली विणत बसले. सुरुवात मार्गशीर्षात केली आणि गळपट्टा पुरा झाला चैत्रात. आता आमच्याकडचा चैत्र म्हणजे काय ते सांगायला नको. कावळेसुद्धा दुपारी बोलत नाहीत. पण ह्यांनी रामनवमीच्या दिवशी चार लोकांसमोर 'स्त्रिया आणि उद्योग' यावर बोलायचं ठरवलं होतं. गळपट्ट्याशिवाय बोलणं म्हणजे पुराव्याशिवाय दावा!

गळ्याला लाल लोकरीचे तीन वेढे घालून हे उभे राहिले. भाषण सुरू होतं न होतं तोच घामानं उपरणं भिजलं. चेहरा गळपट्ट्याच्या रंगाचा झाला. राधी पुढेच बसली होती. तिला राहवलं नाही.

"मास्तर, पडसं झालंय काय वो?"

"पडसं नाही!" हे म्हणाले. "ही सुधारणा आहे!"

"अगं बाय," राधी कळवळून म्हणाली, "लवकर बरं व्हा हां."

*

हसण्याच्या या भरात एक गोष्ट मला पुष्कळ उशिरा कळली. भागामावशीला दिसेनासं झालं होतं.

झालं असं. मावशी दुपारी आली की पहिल्यांदा सुई आणि दोरा माझ्यापुढे धरी. "मास्तरीण, तू शिकलेली ना? वव बगू सुई. बगू सरकारानं काय शिकिवलं तुला!" मी ओवून देई. मावशी सुई उन्हाकडे धरून बघितल्यासारखं करी आणि म्हणे, "पास!"

मला वाटायचं, म्हातारी थट्टा करते. रोज परीक्षा, रोज पास; पण वरच्या वर्गात काही घालत नव्हती! एक दिवस मी गंमत म्हणून बिनदोऱ्याची सुई परत केली. मावशीनं ती उन्हाकडे धरली आणि म्हणाली, "पास!" मग ती तशीच रिकामी सुई घेऊन शिवायला बसली.

मी हळूच सुई काढून घेतली, ओवली, परत तिच्या हातात दिली. मावशीला समजलं. ती माझ्याकडे तोंड न करता पुटपुटली, "सगुनीला कळू देऊ नको, बाय. हातातली सुई गेली का मला शेतावरच्या खोपीत बसवतील, पाखरं हाकायला. मानसांत बसायला ही एवढीच जागा हाय मला."

एवढ्या मोठ्या आवाजाची बाई, आणि हे बोलणं जेमतेम ऐकू आलं. मला फार वाईट वाटलं. त्या दिवसापासून सुई ओवायची परीक्षा मी आधीच देऊन ठेवू लागले.

*

डोळे गेले तरी मावशीची जीभ शाबूत होती. आणि जीभ शाबूत असली की पुष्कळ भागतं.

सगुणाच्या मुलासाठी मावशीनं कुंची शिवली. डोक्यावरून पाठीवर येणारी, छान हिरव्या खणाची. बारशाला बायका जमल्या, सगुणानं कुंची बाळाला घातली आणि बाळ दिसेनासं झालं! चेहऱ्याच्या जागेची फट मावशीनं दोन्ही बाजूंनी शिवून टाकली होती. आतून बाळ बोंबलतंय आणि बाहेर बायका त्याचं तोंड शोधताहेत!

"आत्याबाई," सगुणा दातओठ खात म्हणाली, "तोंडाला जागा कुटं हाय?"

"नाय ठिवली," मावशी शांतपणे म्हणाली. "मागल्या येळी आल्यागेल्यानं नजर लावली. आता लावा म्हनावं!"

दोन बायकांनी तिथल्या तिथे मावशीकडे अशाच कुंचीची मागणी केली.

सगुणा मात्र फसली नाही. तिनं रात्री नवऱ्याला सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी मावशीचा मुलगा तुकाराम पडवीच्या पायरीशी येऊन उभा राहिला. "आये, ही गोधडी शेवटची. एक टाका जरी चुकला तरी सुई सगुनीकडं द्यायची. शेतावर खोप शाकारून ठिवलीया."

कोपऱ्यावर कोण बसणार ते सगुणानं मनात ठरवूनच टाकलं होतं. नवीन लुगडंसुद्धा नेसायला लागली!

*

त्यातच चौकच्या शिंप्यानं मशीन आणलं. तांग्यांच्या थांब्याशी त्याचं दुकान. पुण्याकडे जाणारे लोक तांग्यातून उतरून बघायचे. शिंपी रुबाबात पाय हलवायचा आणि म्हणायचा, "आता बायकांना कामच उरलं नाही. मी अख्खी गोधडी एका दिवसात शिवतो!"

आम्ही चौकच्या बाजाराला गेलो तेव्हा हे ऐकून सगुणा लगेच म्हणाली, "बगा आत्याबाई! तुमी कशाला डोळं फोडताय?"

मावशीनं शिंप्याला विचारलं, "एक दिस लागतो म्हनतोस. त्या मशिनीचा आवाज केवढा?"

"खडखडखड, सारखा!"

"मग सुनेची गाऱ्हानी सांगायची कवा रं?"

तरी हौसेनं राधीनं एक गोधडी त्याला शिवायला दिली. त्यानं तीत टाके इतके दाट आणि घट्ट घातले की गोधडी वाकेचना. अंगावर घेतली की तंबूसारखी वर उभी राहायची आणि वारा खालून जायचा. शेवटी राधीनं ती शेळ्यांच्या खोपटाला दार म्हणून लावली. शिंप्याला वाटेत भेटली तेव्हा मोठ्या मनानं म्हणाली, "काम पक्कं हाय हां तुजं. अजून एक बी शेळी बाहेर आली नाय!"

*

आणि आता त्या शेवटच्या गोधडीचं.

तालुक्याच्या एका मोठ्या साहेबांची बायको हौशी होती. तिला सगळे बाईसाहेब म्हणत. शेतकरी बायकांच्या चालीरीती बघायच्या आणि त्यावर मासिकात लिहायचं, असा तिला नाद होता. आमच्या ह्यांनी गळपट्ट्याच्या उत्साहात तिला आमंत्रण धाडलं आणि एका दुपारी छकडा येऊन दारात उभा! पुढे पट्टेवाला, मागे अंजिरी रेशमी लुगड्यातल्या बाईसाहेब.

पडवीत गोधडी अंथरलेली. गोधडी राधीची. कोपऱ्यावर मावशी, तिच्या समोर तिचा एकेक टाका मोजायला डोळे फाडून बसलेली सगुणा. बाईसाहेब म्हणाल्या, "मीसुद्धा तुमच्यात बसून चार टाके घालणार!" आणि त्या मावशीला अगदी खेटून बसल्या. रेशमी लुगड्याचा घोळ गोधडीवर पसरला.

सगुणानं तर टाके बघायचे सोडून बाईसाहेबांच्या पाटल्या बघायला सुरुवात केली होती. मावशी जोरात होती. जात्यावरच्या ओव्या काय, बाळंतिणीचे काढे काय, सगळं सांगत होती आणि सुई भराभर चालली होती. बाईसाहेब तर मान डोलावून डोलावून थकल्या.

"बरं, निघते आता," म्हणून बाईसाहेब उठल्या. त्यांच्याबरोबर गोधडीही उठली!

आमच्या चौघींच्या सुया ओढल्या गेल्या, चिंध्यांचं टोपलं कलंडलं. मावशीनं त्यांच्या लुगड्याचा हातभर जरीचा काठ गोधडीला बेमालूम शिवून टाकला होता.

पट्टेवाल्याचा हात पट्ट्यावर गेला. सगुणा उठून ओरडली, "बगा! म्या म्हनत हुते का नाय? आमच्या आत्याबाईंना आता..."

"गप गं!" मावशी अशी कडाडली की सगुणा खाली बसली. मग मावशी बाईसाहेबांकडे तोंड करून, अगदी मायेनं म्हणाली, "घाबरू नगा. मुद्दाम शिवलंय. आमच्यात मानाची पावनी आली का तिचं लुगडं गोधडीला टाचत्यात. म्हंजी पावनी फिरून घरला येते."

"सगळ्यांना टाचता?" बाईसाहेबांनी विचारलं.

"छ्या! ह्या मास्तरणीला कुटं टाचली? ती कुटं जातीया!"

बाईसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. "किती भोळं प्रेम! ही चाल किती जुनी?"

"माज्या आजेसासूच्या सासूपासनं," मावशी म्हणाली. "त्येच्या आधीचं मला ठावं नाय. खोटं कशाला बोलू?"

सगुणानं कात्री पुढे केली तर बाईसाहेबांनी तिचा हात झिडकारला. "प्रेमाचे टाके कापायचे? मुळीच नाही!" आणि तशाच, मागे अर्धी शिवलेली गोधडी ओढत, छकड्यात जाऊन बसल्या. राधी बिचारी थेट चौकपर्यंत छकड्यामागे धावली. "बाईसाहेब, मान तुमचा, पर गोधडी माजी हाय वो!"

दीड महिन्यानं खालापूरच्या बाजूच्या एका गावचा पाटील आमच्या पडवीत आला. डोक्याला नवं पागोटं, तोंडाला घाम. सगुणा होती, तुकाराम होता, खोप शाकारून तयार होतीच.

"भागामावशी कोन?" पाटलानं विचारलं. "आमच्याकडं बाईसाहेब येनार हायेत. पट्टेवाला सांगून गेलाय, लुगडं टाचायची चाल झालीच पायजे. आमच्या बायकांना कायच ठावं नाय. कंच्या अंगाला टाचायचं असतं?"

मावशीनं मिश्रीची पिंक टाकली.

"उजव्या," ती म्हणाली. "पर ते सुनांचं काम नाय. गाडी पाठवा, मी येते."