धावपट्टीवर टँकर

बहात्तरच्या दुष्काळात मी काष्टीपासून काही मैलांवर, एका माळावर, माणसांना विमान चालवायला शिकवत होतो. हे वाक्य लिहितानाही अवघडल्यासारखं होतं. खाली लोक रेशनवरच्या परदेशी मिलो ज्वारीच्या लाल भाकरीवर दिवस काढत होते, आणि मी त्यांच्या डोक्यावर गिरक्या घेत होतो.

आमचा फ्लाइंग क्लब शहरातला. तिथली धावपट्टी दुरुस्तीसाठी बंद झाली, तेव्हा एक विमान, दोन तंबू आणि मला या माळावर धाडण्यात आलं. कुणीतरी पूर्वी औषधफवारणीच्या विमानांसाठी मुरूम दाबून पट्टी केली होती, तीच आम्ही साफसूफ करून वापरायला घेतली. विमान पिवळं, एकामागे एक अशा दोन सीटांचं. शिकणारा पुढे, मी मागे. त्यात रेडिओ नव्हता. आठवडाभर मी शिकवायचो आणि रविवारी कसरती करायचो. लोकांना विमानाची गोडी लागावी म्हणून क्लबचाच तसा आग्रह होता. वर जाऊन विमान उलटं करायचं, लूप मारायचा, मुद्दाम स्पिनमध्ये टाकून गरगरत खाली आणायचं आणि माणसं किंचाळायला लागली की सावरायचं. मला ते चांगलं जमायचं, आणि जमतं याचा गर्वही होता.

त्या पावसाळ्यात ढग यायचे, दुपारभर माळावर सावली धरायचे आणि पुढे निघून जायचे. एका सोमवारी शेजारच्या वस्तीवरचे एक म्हातारे बाबा तंबूपाशी आले. डोक्याचा पटका सोडून मांडीवर घेतला आणि म्हणाले, "सायेब, रागावू नका. तुमी वर जाऊन गरागरा फिरता, त्यानं ढग फाटत्यात."

मी त्यांना समजावलं. ढग किती उंच असतो, किती मोठा असतो, आमचं विमान त्याच्यापुढे चिलटाएवढं कसं, सगळं सांगितलं. त्यांनी मन लावून ऐकलं.

"आसंल," ते उठताना म्हणाले. "पन फिरू नका."

मी कसरती बंद केल्या. पाऊस तरीही आला नाही.

काष्टीत तेव्हा एक इंजिन दुरुस्त करणारा माणूस होता. तिशीचा, सडपातळ, कोपरापर्यंत कायम काळा. विहिरीवरची इंजिनं नीट करायचं त्याचं दुकान होतं. पण विहिरीच कोरड्या पडल्यावर इंजिनं कोण चालवणार? तो रोज सायकल मारत आमच्याकडे यायचा आणि तारेच्या कुंपणाला टेकून विमानाचा आवाज ऐकत उभा राहायचा. एकदा मी उतरलो तर म्हणाला, "सर, तिसऱ्या शिलिंडरचा प्लग बघा. मधीच एक ठोका खातोय." मी हसलो. प्लग काढला, तर खरंच काजळी धरलेला. त्या दिवसापासून तो आमचा मेकॅनिक झाला. क्लबला लिहून मी परवानगी मिळवली: त्याने इंजिन सांभाळायचं, बदल्यात मी त्याला उडायला शिकवायचं.

शिकणारे मी पुष्कळ पाहिले. काही धीट असतात, काही घाबरट. त्या दोघांनाही शिकवता येतं. हा तिसऱ्या जातीचा होता. सांगितलेला शब्द न शब्द तो पाळायचा. "काही कळेनासं झालं की आधी उंची घ्या, मग विचार करा," हे वाक्य मी प्रत्येकाला सांगायचो; याने ते पाठ केलं होतं. उतरताना सुरुवातीला तो सुकाणूची दांडी फार लवकर ओढायचा आणि विमान बेडकासारखं उड्या घेत जायचं. महिनाभरात ते थांबलं. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्याच्या तोंडावर तो एकट्याने उडायला तयार झाला.

त्या दिवशी सकाळी त्याची बायको त्याच्या मागे सायकलवर बसून आली. फडक्यात भाकरी बांधून आणली होती. माझ्याशी ती काही बोलली नाही; तंबूच्या सावलीत पदर सावरून उभी राहिली. वारा पडलेला होता. मी त्याच्याबरोबर दोन फेऱ्या मारल्या, मग खाली उतरलो आणि मागच्या सीटचे पट्टे एकमेकांत अडकवून टाकले.

"एकच फेरी," मी म्हणालो. "जायचं, वळायचं, यायचं."

"व्हय सर."

एकच फेरी म्हणून टाकीत पेट्रोलही बेताचंच ठेवलं होतं. विमान हलकं असलं की नवख्याला सोपं जातं. ते माझंच ठरवणं होतं.

त्याने सुरेख उड्डाण केलं. तो डावीकडे वळला, आणि माझ्या पाठीमागे लोकांचा गलका झाला.

पट्टीच्या मधून एक गाडीवाट आडवी जायची. दर तिसऱ्या दिवशी पाण्याचा टँकर त्या वाटेने पट्टी ओलांडून वस्तीवर जायचा. तो साधारण दुपारी येत असे, आणि मी त्याची वेळ बघूनच उडायची वेळ धरत असे. त्या दिवशी तो सकाळीच आला. बरोबर पट्टीच्या मधोमध त्याचा मागचा एक्सल मोडला आणि तो एका अंगावर कलून बसला. शेजारी चर खणून बांध घालायचं, बंडिंगचं दुष्काळी काम चालू होतं. तिथली माणसं कुदळी-पाट्या टाकून आधीच धावत सुटली होती. वस्तीवरच्या बायका हंडे, घागरी, पत्र्याचे डबे घेऊन आल्या. मी तिथं पोचेपर्यंत टँकरभोवती शे-दीडशे माणसं होती आणि नळाला रांग लागली होती.

"बाजूला व्हा! विमान उतरतंय!" मी ओरडलो.

कुणी हललं नाही. त्यांना ऐकू आलं होतं. पण नंबर सोडला की पाणी गेलं, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. मी एका बाईचा हंडा धरून बाजूला ओढला. तिने तो दोन्ही हातांनी छातीशी आवळला. मी हात सोडला.

पटकेवाले बाबा रांगेत होते. म्हणाले, "इमानानं ढग पळवलं. आता टँकर बी पळवता का सायेब?"

टँकरचा ड्रायव्हर चाकाशी उकिडवा बसला होता. "हे पानी हाय तवर जागचं हलायचं न्हाई," तो म्हणाला. "वझं बघा की."

तेवढ्यात विमान उतरायला आलं. मी पट्टीवर पळत गेलो आणि दोन्ही हात डोक्यावर आडवेतिडवे हलवले. त्याने पाहिलं असावं, कारण इंजिनाचा जोर वाढवून तो आमच्यावरून निघून गेला. मग त्याने मी शिकवलं होतं तेच केलं. उंची घेतली आणि विचार करायला लागला.

विचार करून तरी तो काय करणार होता? चारी बाजूंची रानं बंडिंगच्या चरांनी कापलेली. डांबरी रस्त्याच्या दोन्ही अंगांना बाभळी. शहराकडची वाट मी त्याला अजून शिकवली नव्हती. ते पुढचे धडे होते. टँकरच्या अलीकडे उरलेल्या तुकड्यात मी कदाचित उतरलो असतो, तो नाही. आणि हे त्याला सांगायचं कसं? मी खाली होतो. त्याच विमानात बसून मी आकाशात हवं ते केलं होतं, आणि आता त्याच्यापर्यंत एक शब्द पोचवायची सोय माझ्यापाशी नव्हती.

तो फेऱ्या मारत राहिला. दर फेरीला थोडा खाली यायचा, टँकर अजून तिथंच असल्याचं बघायचा, पुन्हा वर जायचा. मी पळत होतो, हात करत होतो, माणसांना विनवत होतो. मध्येच त्याची बायको माझ्यापाशी आली. तोवर तिचा आवाज मी ऐकला नव्हता.

"सर, त्यांना खाली आणा."

"आणतो," मी म्हणालो.

"तुमी वर धाडलं, तुमीच आणा."

मी घड्याळात पाहिलं. त्याच्याकडे पंधरा-वीस मिनिटांचं पेट्रोल उरलं असेल. मग मला दिसलं की मी हात हलवले की तो पंख कलता करून माझ्याकडे बघतो आणि विमान डगमगतं. माझ्या हालचालींचा अर्थ लावायच्या नादात त्याचं लक्ष उडत होतं. मी हात खाली घेतले आणि पट्टीच्या कडेला, मुरुमावर, मांडी घालून बसलो. त्याला निदान एवढं तरी दिसावं की सर घाबरलेले नाहीत. मी खूप घाबरलेला होतो. माझ्या शेजारी त्याची बायकोही बसली. भाकरीचं गाठोडं तिच्या मांडीवर होतं.

पाणी संपत आलं तशी नळाची धार बारीक झाली. भरलेली भांडी लोकांनी पट्टीच्या कडेला ओळीने मांडली होती. आता एकेक उचलून निघायची तयारी चालली होती. आणि वर इंजिन खोकलं. एकदा, मग पुन्हा. सगळ्यांच्या माना वर गेल्या.

पटकेवाल्या बाबांनी खांद्यावरची घागर खाली ठेवली. "त्याल सपलं त्याचं," ते म्हणाले, आणि एकदम गर्दीवर ओरडले, "आरं बघता काय? ढकला!"

नंबर न सोडणारी ती माणसं रिकाम्या टँकरला भिडली. बायकांनी पदर खोचले. मोडका एक्सल मुरुमात नांगरासारखा रुतत होता. मी धावत जाऊन मडगार्डला खांदा दिला. माझ्या एका बाजूला तो ड्रायव्हर, दुसऱ्या बाजूला मेकॅनिकची बायको. टँकर हातभर सरकला. पुन्हा हातभर. पुढची चाकं पट्टीच्या बाहेर गेली, मागचा निम्मा भाग आत राहिला. तेव्हा इंजिनाचा आवाज पूर्ण बंद झाला.

"पळा!" मी ओरडलो.

विमान आवाज न करता आलं. पंखांवरून जाणाऱ्या वाऱ्याची शीळ तेवढी ऐकू येत होती. आता परत वर जायची सोय नव्हती. त्याने वेग बरोबर धरला होता, दांडी घाईने ओढली नाही, आणि टँकर चुकवायला विमान डाव्या कडेला घेतलं. त्या जागी मीही तेच केलं असतं. त्याची चाकं टेकली ती त्या भांड्यांच्या ओळीवर.

आवाज कसा झाला ते मला सांगता येत नाही. मातीच्या घागरी फुटल्या, हंडे चेपून उडाले, मग डावं चाक बंडिंगच्या चरात गेलं आणि विमान नाकावर उभं राहून थांबलं. मी पोचलो तेव्हा तो शुद्धीवर होता. त्याचा उजवा हात चेपलेल्या पत्र्यात अडकला होता. ड्रायव्हरने पहार आणून पत्रा वाकवला. बायकोने भाकरीचं फडकं सोडून त्याच्या हाताला गुंडाळलं.

बाकी कुणाला खरचटलंही नव्हतं. मागे वळून पाहिलं, तर काही माणसं आमच्याकडे धावत येत होती आणि काही बायका पट्टीवर गुडघे टेकून बसल्या होत्या. ओल्या मुरुमात लुगड्याचे सोगे भिजवून त्या उरल्यासुरल्या भांड्यांत पिळत होत्या. बाबांची घागरही फुटली होती.

"मानूस वाचला न्हवं? मंग झालं," ते मला म्हणाले. पण त्यांची सून लांब उभी राहून रडत होती, आणि पुढचा टँकर आता तीन दिवसांनी.

नगरच्या इस्पितळात त्याची दोन बोटं काढावी लागली.

पंधरवड्याने चौकशीला एक अधिकारी आले. सभ्य गृहस्थ. त्यांनी पट्टी पाहिली, चर पाहिला, माझं सगळं बोलणं लिहून घेतलं. शेवटी छापील कागद काढला. त्यात अपघाताच्या कारणासाठी चार-पाच पर्याय होते. हवामान, यंत्रातला बिघाड, वैमानिकाची चूक, असे.

"यात टँकर कुठं लिहू?" त्यांनी मला विचारलं. चेष्टेने नव्हे, खरंच विचारलं.

मी म्हणालो, "माझी चूक लिहा. पेट्रोल मी कमी ठेवलं."

"नियमाप्रमाणे पुरेसं होतं," ते म्हणाले. "आणि विमानात तुम्ही नव्हतात." त्यांनी 'वैमानिकाचा अपुरा अनुभव' असं लिहिलं आणि कागद माझ्याकडे सरकवला. मी सही केली. न करता काय झालं असतं, याचा विचार पुढे पुष्कळ वेळा केला. कागद तसाच गेला असता, फक्त माझ्या सहीवाचून. पण त्या दिवशी मी केली.

क्लबने माळावरचं काम गुंडाळलं. निघण्यापूर्वी मी काष्टीला त्याच्या दुकानात गेलो. तो एका इंजिनापुढे बसला होता, उजव्या हाताला पांढरी पट्टी, पाना डाव्या हातात. कागदावर काय लिहिलं ते मी त्याला सांगितलं. आता त्याला परवाना मिळणार नाही, हेही सांगितलं. बायको आतल्या दाराशी उभी राहून ऐकत होती.

त्याने पाना मांडीवर ठेवला.

"सर, मी काय करायला पायजे हुतं?"

पंधरा वर्षं शिकवताना हा प्रश्न मला हजारदा आला होता आणि प्रत्येक वेळी उत्तर तयार असायचं. दांडी लवकर ओढली, वळण उशिरा घेतलं, नजर जवळ ठेवली.

"काही नाही," मी म्हणालो. "तुम्ही सगळं बरोबर केलंत."

"मंग कागदावर तसं का न्हाई?"

बायको आत गेली. चुलीवर भांडं ठेवल्याचा आवाज आला. त्याने पाना नटाला लावला, पण डाव्या हाताला जोर येईना आणि पलीकडचा बोल्ट सोबत फिरायला लागला. दोनदा प्रयत्न करून तो थांबला.

"सर, येवढा बोल्ट धरता का पलीकडनं?"

मी बाह्या वर केल्या, त्याच्या समोर खाली बसलो आणि बोल्ट धरला.