नाऊ टोरिकाचा जिना

सव्वीस वर्षांत टोरिकाने मुलींच्या खोल्यांतून भाताचे एकशे चौदा कुकर जप्त केले होते. सगळे परत दिले. प्रत्येकाला चिठ्ठी बांधलेली असायची, मुलीचं नाव आणि खोलीचा नंबर. सत्र संपलं की कुकर घासूनपुसून मुलीच्या हातात. "आईला सांग, नाऊने सांभाळला."

नाऊ म्हणजे आई. सुवा शहरातल्या टेकडीवरच्या नोकोनोको वसतिगृहात एकशे वीस मुली होत्या आणि सगळ्या टोरिकाला नाऊच म्हणत. ती तिथली रखवालदार, मेट्रन आणि आगीची जबाबदारी असलेली बाई. तळमजल्यावरची एक खोली हेच तिचं घर.

तिचे नियम मुलींना पहिल्या आठवड्यात पाठ होत. डासांची कॉइल पत्र्याच्या झाकणावर, गादीवर नाही. ओले कपडे हीटरवर नाहीत. जिन्याचं जाड दार आपोआप मिटलं पाहिजे, त्याला नारळाची टेकणी लावायची नाही. नारळही जप्त होत, पण ते परत मिळत नसत. रविवारी त्यांच्या दुधात अळूची पानं शिजत आणि ती सगळ्यांना मिळत. आग विझवायचा सिलिंडर वापरायला ती झाडू हातात घेऊन शिकवायची. "पिन ओढ. नळी धर. आगीच्या शेंड्याशी भांडू नकोस, बुडाशी झाड. अंगण झाडतेस तशी."

हे वेड तिने कांडावू बेटावरून आणलं होतं. ती नऊ वर्षांची असताना तिच्या मामाचं बोरूचं घर स्टोव्हमुळे पेटलं. मामीने बाहेर उभं राहून डोकी मोजली. घरात अकरा माणसं होती, बाहेर बारा भरली. शेजारचा म्हातारा घाबरून त्यांच्याच घरातून पळत बाहेर आला होता. तो आत काय करत होता, हे त्याने मरेपर्यंत सांगितलं नाही. घर गेलं, पण माणसं एकही कमी नाही. तेव्हापासून टोरिका मोजत आली.

सव्विसाव्या वर्षी मात्र तिची मोजणी बिघडली नाही, वेळ बिघडली.

आगीची रंगीत तालीम वर्षातून एकदा व्हायची. भोंगा वाजला की साडेतीन मिनिटांत इमारत रिकामी झाली पाहिजे. अग्निशमन दलाचे मुदलियार घड्याळ घेऊन उभे राहत. आजवर नोकोनोको कधी नापास झालं नव्हतं. त्या मार्चमध्ये मागच्या लोखंडी जिन्याने मुली तीन मिनिटांत खाली आल्या. पुढच्या जिन्याने शेवटची मुलगी आली तेव्हा घड्याळात आठ मिनिटं चाळीस सेकंद झाले होते.

मुदलियारांनी जिना मापला. रुंदी बरोबर. दारं बरोबर. भोंगा असा की पलीकडच्या चर्चमधली कबुतरं उडाली. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि टोरिकाला बाजूला घेऊन सांगितलं की आणखी दोन संधी आहेत. तिसऱ्यांदा हुकलं तर दाखला थांबेल, वसतिगृहाला कुलूप लागेल आणि मुलींना शहरात जिथे मिळेल तिथे खोल्या बघाव्या लागतील.

टोरिकाने हातावर मोजलं. तीस-एक मुली अशा होत्या की ज्यांच्या बेटावर बोट पंधरा दिवसांनी जाते. त्यांच्या आयांनी बोटीच्या धक्क्यावर तिचं नाव घेऊन मुली पाठवल्या होत्या. आणि कुलूप लागलं तर ती स्वतः कुठे जाणार, हे तिने मोजलंच नाही.

तिने मिलिकाला विचारलं. मिलिका तिसऱ्या मजल्यावर राहायची. तिच्या गावाचं आणि टोरिकाच्या बेटाचं पूर्वजांपासून थट्टेचं नातं होतं, म्हणजे एकमेकांना काहीही बोलावं आणि कुणी रागावू नये.

"जिन्यात काय करता गं तुम्ही? सुगंधी तेल लावता केसांना?"

"तुमच्या कांडावूच्या मुली पुढे असतात, नाऊ. त्यांना दोन पाय एकदम चालवता येत नाहीत."

याहून जास्त काही हाती लागलं नाही. मुली खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या लेखी जिन्यात सांगण्यासारखं काही घडतच नव्हतं.

म्हणून दुसऱ्या तालमीला टोरिका झाडाखाली थांबली नाही. ती दुसऱ्या मजल्याच्या वरच्या वळणावर जाऊन उभी राहिली, गळ्यात शिट्टी, डोक्यावर पिवळं हेल्मेट. मुदलियार जिन्याच्या तळाशी.

भोंगा वाजला. दारं उघडली. तिसऱ्या मजल्याच्या मुली धडाधडा खाली आल्या आणि वळणावर थबकल्या. खालच्या, म्हणजे दुसऱ्या मजल्याच्या दारातून उनाइसी बाहेर आली होती.

उनाइसी त्याच वर्षी आलेली. अठरा वर्षांची, उंच, गप्प. टोरिकाच्या बेटावरच्या मोठ्या प्रमुखांची धाकटी मुलगी, म्हणून नावाआधी 'आदी' लावायचं. तिने कमरेला गुंडाळलेला सुलू नीट केला आणि सावकाश जिना उतरू लागली. पुढे असलेल्या मुली भिंतीला लागून खाली बसल्या, ती जाईपर्यंत. मागच्या तिच्यापेक्षा उंच पायरीवर उभं राहायला नको म्हणून बसल्या. कुणी ढकललं नाही, कुणी कुरकुरलं नाही. भोंगा केकाटत होता आणि अख्खा जिना अदबीने बसला होता.

मुदलियार खालून वर आले. त्यांनी बसलेल्या मुली बघितल्या. मग आणखी वर बघितलं.

"टोरिकाबाई, तुम्ही काय करताय?"

टोरिकाने आपल्याकडे पाहिलं. ती पायरीवर बसली होती. मान खाली, हेल्मेट काढून मांडीवर. कधी बसली, तिलाच कळलं नव्हतं.

"बसलेय," ती म्हणाली.

मुदलियारांचे आजे-पणजे उसाच्या मळ्यावर आले, तेव्हापासून त्यांचं घर याच बेटांवर. त्यांना उलगडून सांगावं लागलं नाही. ते तिच्याशेजारी भिंतीला टेकले आणि हळू आवाजात म्हणाले, "मला समजतं, बाई. पण आग काही वाकून वाट देत नाही." नऊ मिनिटं पाच सेकंद. पुढचा शुक्रवार शेवटचा.

टोरिकाने तीन दिवस उपाय शोधले. उनाइसीला तळमजल्यावर हलवावं, तर सगळ्यांनी तिच्या डोक्यावर नाचल्यासारखं होईल. मागच्या जिन्याने पाठवावं, तर मागचा जिना बसेल. मुलींना तिला ओलांडून पळा म्हणून सांगणं म्हणजे आईच्या ताटात पाय द्या म्हणणं. आणि सांगणार कोण? जी स्वतः हेल्मेट काढून बसली ती?

बुधवारी दुपारी ती बाजारात गेली आणि यांगोनाच्या, म्हणजे मानाच्या पेयाच्या, मुळांची एक चांगली जुडी घेऊन आली. मोठ्या घराकडे मागणं असेल तर रीतीने मागावं. खोली क्रमांक एकवीसच्या दारात ती मांडी घालून बसली, जुडी पुढे ठेवली आणि बेटावरच्या भाषेत, घराण्याचं नाव घेऊन, जिन्याबद्दल बोलली. मुलींच्या आयांबद्दल बोलली. कुलपाबद्दल बोलली. आपणही बसलो होतो, हेही सांगितलं.

उनाइसी पलंगावरून उठून तिच्यासमोर जमिनीवर बसली होती. तिने जुडीला हात लावला, रीतीने स्वीकारली.

"नाऊ, शाळेत मी चारशे मीटरला पहिली यायचे."

टोरिकाला आधी काही बोध झाला नाही.

"मला पळता येतं. पण मी निघाले की सगळ्या बसतात. बसलेल्या माणसांमधून पळायचं कसं? उद्धटपणा होतो. जेवणाच्या रांगेतही मला पुढे काढतात. आल्यापासून मी एकदाही रांगेत उभी राहिले नाही, नाऊ."

टोरिकाने सव्वीस वर्षं डोकी मोजली, आणि हे एक डोकं तिने मोजलंच नव्हतं.

मग ती खाली आपल्या खोलीत गेली आणि पिवळं हेल्मेट घेऊन आली. दुसऱ्या मजल्याला आगीची जबाबदारी असलेली मुलगी हवीच होती. काम असं: जिना मोकळा होईपर्यंत आपल्या मजल्यावरून हलायचं नाही, प्रत्येक दार ठोकायचं, आणि सगळ्यात शेवटी बाहेर यायचं. शेवटी निघणाऱ्याला कुणी ओलांडून जात नाही.

"हुकूम तू द्यायचा," टोरिका म्हणाली. "माझं ऐकतात, पण तुझ्यासमोर माझेच गुडघे माझं ऐकत नाहीत."

त्या संध्याकाळी प्रार्थनेनंतर उनाइसीने हेल्मेट काखेत धरून सगळ्यांना सांगितलं. चार वाक्यं. शेवटचं असं की भोंगा वाजल्यावर जी बसेल ती माझा शब्द मोडेल. मुलींनी मान देण्याच्या रीतीने, पोकळ हातांनी टाळ्या दिल्या. मिलिका मागून पुटपुटली की कांडावूच्या माणसांना ही सवय व्हायला वर्ष लागेल, आणि विशेषतः एका बाईंना.

शुक्रवारी पाऊस होता. भोंगा वाजला. टोरिका झाडाखाली उभी होती, मुदलियार छत्रीत. पुढचं दार उघडलं आणि मुली अशा बाहेर सांडल्या जशा फुटलेल्या पोत्यातून शेंगा. आतून वरून एकच आवाज येत होता, दारं ठोकण्याचा आणि ओरडण्याचा. गप्प मुलीचा तो आवाज आहे हे टोरिकाला पटायला वेळ लागला.

झाडाखाली रांगा लागल्या. टोरिकाने मोजलं. एकशे एकोणीस. तीन मिनिटं.

मग उनाइसी आली. सुलू मुठीत गोळा केलेला, हेल्मेट एका कानावर, एकेका उडीत तीन पायऱ्या. दारातून ती जवळजवळ उडालीच. आणि झाडाखालच्या एकशे एकोणीस मुलींचे गुडघे सवयीने वाकू लागले.

टोरिकाने जीव खाऊन शिट्टी फुंकली. मुली ताठ झाल्या. तिचे स्वतःचे गुडघेही वाकत होते. तिने झाडाचं खोड धरलं आणि उभी राहिली.

"नाव?" तिने वहीतून डोकं वर न काढता विचारलं.

"उनाइसी. खोली एकवीस."

"दुसऱ्या रांगेत. मिलिकाच्या मागे."

उनाइसी मिलिकाच्या मागे उभी राहिली. पावसात, धापा टाकत, पुढच्या मुलीच्या पाठीकडे पाहत. ती हसत होती.

"तीन मिनिटं अकरा," मुदलियार म्हणाले.

एकशे वीस. टोरिकाने वहीत खूण केली, वही मिटली आणि ओल्या गवतावर खाली बसली. मुदलियारांनी दाखल्याचा कागद काढला, उभ्याने सही करायला टेबल शोधलं, मिळालं नाही. मग गणवेशासकट तेही तिच्याशेजारी बसले आणि गुडघ्यावर सही केली.

"बघा," मिलिका उनाइसीला मान वळवून म्हणाली, "कांडावूच्या बाईने जरा उभं राहिल्याचं दाखवलं, की लगेच बसायला निमित्त हवं."

"तू रांगेत बोलू नकोस," उनाइसी म्हणाली.