भट्टीवरून जाणारी वाट

मोहाच्या फुलांचा वास आला की पन्नासच्या दशकातला मानोऱ्याचा बाजार आठवतो. परतीच्या वाटेवर मोहाच्या दारूची भट्टी होती आणि वडील तिथून पुढे येतच नसत. आमच्या तांड्यातली दारू सोडलेली माणसं बाजारातून एकत्र घरी जातात, हे कळल्यावर आईनं त्यांना शोधून काढलं. “भाऊ, यायले संग न्या,” वडिलांकडे बोट दाखवत ती म्हणाली. त्यांच्यातला म्हातारा हसला, “ते काय बैल हायेत, दावं धरून न्याले?” मग वडिलांकडे वळला, “चाल गा, आमच्या संग चाल.” आम्ही मागून निघालो. भट्टीपाशी वडील थबकले. कोणी त्यांना ओढलं नाही, समजावलंही नाही; सगळे तिथंच बिड्या ओढत उभे राहिले. बऱ्याच वेळानं वडील आपणहून चालू लागले. महिन्यापूर्वी, नव्वदी ओलांडून, वडील वारले. सांत्वनाला येणारे खूप बोलतात, तेव्हा वाटतं, त्या माणसांसारखं नुसतं सोबत थांबणं फार थोड्यांना जमतं.