डिस्कवाली काकू आणि प्लॅनवाली मॅडम

एकाच काउंटरमागं वीस वर्षं बसलं की किस्से शोधायला कुठं जावं लागत नाही. गिऱ्हाईक उठून जातं, किस्सा तिथंच राहतो. माझ्याकडं तर आता डिस्का कमी आणि किस्से जास्त झालेत! त्यातले बरेच आजवर कुणाला सांगितले नाहीत, कारण त्यात माझाच जळफळाट जास्त आहे. पण आता लपवून काय करायचं? जळते मी. माझ्या सख्ख्या जावेवर जळते. ऐका.

पाथरीत स्टँडजवळ माझं गेमच्या डिस्कांचं दुकान आहे. डिस्क विकत न्या, आठ दिवस भाड्यानं न्या, नाहीतर जुनी देऊन दुसरी न्या. टीव्हीला डबा जोडायचा, डिस्क घालायची, रिमोट हातात घ्यायचा आणि खेळायचं. मी चौथी शिकले. इंग्रजी वाचता येत नाही, पण कव्हरवरचं चित्र बघून गेम किती अवघड, कोणी अर्ध्यात सोडला, कोण रडला, सगळं सांगते.

शेजारी जिन्याखालच्या छोट्या गाळ्यात माझी धाकटी जाऊ, सविता. बारावी पास. फॉर्म भरणं, झेरॉक्स, रिचार्ज, असलं तिचं काम. दोन वर्षांपूर्वी तिनं नवीनच काढलं. गेमचं सबस्क्रिप्शन! महिन्याचा प्लॅन मारायचा, की नेटवरून शेकड्यानं गेम घरात. डिस्क नको, दुकान नको, काकू नको!

दोन्ही गाळे आमच्या सासऱ्यांचे. त्यांना आम्ही मामा म्हणतो. सविताला पाहिजे होता माझा कोपऱ्यावरचा मोठा गाळा, म्हणजे मला जावं लागणार होतं जिन्याखाली. तिथं माझं एक रॅकसुद्धा सरळ उभं राहत नाही. म्हणजे गाळा गेला की दुकान गेलं. मामा एवढंच म्हणाले, "दसऱ्याला सांगतो. तवर बघू द्या मला." आणि समोरच्या लिंबाखाली खुर्ची टाकून बघत बसले.

आता ते काय मोजणार? गर्दीच मोजणार ना!

*

माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक म्हणजे गायकवाड सर. शाळेत गणित शिकवतात. दर शनिवारी शाळा सुटली की माझ्याकडं यायचे, दोन डिस्का घेऊन जायचे. पंधरा वर्षं यात खंड नाही. सरांच्या लग्नाच्या शनिवारी पण आले होते, मुंडावळ्या तेवढ्या काढून!

एका शनिवारी सरांची मोटारसायकल माझ्या पत्र्याच्या सावलीत येऊन उभी राहिली. मी दोन डिस्का काढून पुसून ठेवल्या. पाच मिनिटं झाली, दहा झाली, सर काही आत येईनात. बाहेर येऊन बघते तर सर जिन्याखाली, सविताच्या गोल फिरणाऱ्या खुर्चीसमोर, मोबाईल पुढं करून उभे. "मॅडम, प्लॅन चालू झाला का बघा."

मॅडम! मी वीस वर्षं काकू, आणि ही दोन वर्षांत मॅडम!

मी तिथूनच ओरडले, "सर, सावली माझी आन् हजेरी तिकडं?"

सर एवढे लाजले, की त्यांनी गाडी ढकलत नेऊन उन्हात लावली. प्लॅन मात्र मारलाच!

*

दोन महिन्यांनी सरांच्या बाई माझ्या दुकानात आल्या. भल्या बाई आहेत. स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "काकू, ह्यांचं काय करावं वो? पहिलं एक डिस्क आणायचे, पंधरा दिवस तीच खेळायचे. संपली की आमाला बोलावून दाखवायचे. लेकरं टाळ्या वाजवायचे."

"आन् आता?"

"आता नुसती यादी खालीवर करायलेत. हा बघू का तो बघू, तास जातोय त्यातच. एक सुरू केला की धा मिनटात दुसरा. काल विचारलं, आतापतूर किती संपवले? तर म्हणाले, संपवायचं काय, हायतच की समदे!"

मला खरं तर वाईट वाटायला पाहिजे होतं. नाही वाटलं. मी त्यांना चहा पाजला, वर भजी मागवली आणि विचारलं, "बाई, आणखी काय काय तक्रार हाय? सावकाश सांगा. मला घाई न्हाई."

*

आमच्या दुकानाची एक पद्धत आहे. प्रत्येक गेमच्या कव्हरमध्ये मी एक कोरा कागद घालून ठेवते. माझ्या डिस्कवर तो गेम जो पहिल्यांदा संपवेल, त्याचं नाव त्या कागदावर. दुसऱ्याचं नाही, पहिल्याचंच. या नावासाठी माझ्या दुकानात माणसं हमरीतुमरीवर आलेली आहेत. जमिनीच्या बांधावरून भांडत नसतील एवढं!

झरीचे शिंदे कंपाउंडर. दवाखान्यात गरीब माणूस, पण गेमला बसले की वाघ. ते एक दिवस आले आणि हळूच म्हणाले, "काकू, तो भुयाराचा गेम संपिवला बरं का. नाव लिवायला पेन द्या."

"कुठल्या डिस्कवर संपिवला?"

"डिस्कवर न्हाई... मॅडमच्या प्लॅनवर."

"मंग नाव पण तिकडंच लिवा. मॅडमच्या भिंतीवर लिवा!"

शिंदे काकुळतीला आले. "तिकडं लिवायला जागाच न्हाई वो काकू. आन् लिवलं तरी वाचणार कोण? हितं समदे वाचत्यात."

ते ऐकून पोटात गार वाटलं, खोटं कशाला बोलू! पण नियम म्हणजे नियम. शेवटी शिंद्यांनी ती डिस्क भाड्यानं नेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच हजर. "घ्या काकू. आता डिस्कवर पण संपिवला. द्या पेन."

मी कव्हर उघडलं. डिस्क देताना मी तिच्यावर फडक्याचा एक धागा राहू दिला होता. तो जागच्या जागी!

"शिंदे, झरीला जाऊन हिनं फक्त एसटीचा प्रवास केला का वो?"

दुकानात चौघं जण होते. आठ दिवस शिंद्यांनी दवाखान्यातून तोंड बाहेर काढलं नाही.

*

मग नालीचं काम निघालं. खोदायचं मशीन आलं आणि त्यानं स्टँडजवळची नेटची वायरच तोडली. तीन दिवस अर्ध्या गावाचं नेट बंद. सविताची खुर्ची नुसती गोल फिरायली, समोर माणूस नाही. प्लॅनवाले समदे खाली मान घालून माझ्या दारात. पहिले कोण? गायकवाड सर! डिस्क दिली. फक्त देताना जरा जास्त वेळ हातात धरून ठेवली.

त्या तीन दिवसांत मी नवी साडी नेसून दुकानात बसले. मुद्दाम. लिंबाखाली मामा बघायलेत ना!

चौथ्या दिवशी सविता कमरेवर हात ठेवून आली. "अक्का, त्या मशीनवाल्याला तुमी चहा पाजला म्हणं?"

"पाजला. कुणी सांगितलं?"

"समद्या स्टँडानं बघितलंय. शरम वाटती का थोडी?"

"अगं, वायर तुटल्यावर पाजला. आधी पाजला असता तर गुन्हा होता!"

"आन् तुटल्यावर कामून पाजला?"

मी म्हणाले, "दमला होता गं बिचारा."

*

यापुढचा किस्सा घरातला आहे. सांगू का नको, विचार करायले. जाऊ द्या, सांगते.

आमचे मालक ट्रॅक्टरच्या गॅरेजात कामाला. त्यांना क्रिकेटच्या गेमचा भारी नाद. एकदा मी माल आणायला परभणीला गेले होते, दुपारची जीप मिळाली म्हणून लवकर परत आले. बघते तर हे टीव्हीसमोर, आणि पडद्यावर असा नवाकोरा गेम, की जो माझ्या दुकानातच नाही!

"ही डिस्क कुठली?"

"डिस्क न्हाई."

"मंग?"

"सवितानं लावून दिलंय. एक महिना फुकट हाय म्हणं."

माझ्या घरात, माझ्या टीव्हीवर, माझ्या नवऱ्याच्या हातात तिचा प्लॅन! दुसऱ्या बाईनं घरात पाय ठेवला असता तरी मी एवढी पेटले नसते. मी रिमोट हिसकला आणि म्हणाले, "आता जेवायला पण तिकडंच जा!"

तर हा माणूस उठला, चप्पल घातली आणि खरंच गेला!

अर्ध्या तासानं ढेकर देत परत आले. हातात झाकलेला वाडगा. "सवितानं तुला पण वाढून दिलंय. अक्का उपाशी असतील म्हणाली."

भरलं वांगं होतं. मी ठरवलं होतं, शिवायचं नाही. मग शिवलं. मग सगळं खाल्लं. लय चांगलं झालं होतं वो! म्हणून तर आणखी जळले.

*

भादव्यात मी खरा सूड उगवणार होते. देवगाव फाट्यावर मुंजाभाऊंचं चहाचं हॉटेल आहे. त्यांनी सविताच्या सांगण्यावरून नवीन डबा घेतला होता, प्लॅन मारला होता आणि एका राजाच्या गेममध्ये पार शेवटच्या लढाईपर्यंत पोचले होते. एक दिवस लावतात तर गेम गायब! प्लॅनमधून काढून टाकला. पुसायचं कुणाला? सविता म्हणाली, "वरूनच काढलाय, माझ्या हातात काय न्हाई."

मुंजाभाऊ तिथनं थेट माझ्याकडं. "काकू, तो राजाचा गेम हाय का?"

मी मुद्दाम मोठ्यानं बोलले, लिंबाखाली ऐकू जाईल असं. "असणारच! हितं कुणी काढून नेत न्हाई मुंजाभाऊ. पाच वर्षं झाली, रॅकात तिथंच हाय!"

डिस्क दिली. मामांकडं बघून पदर नीट केला. त्या दिवशी मी गुणगुणत स्वैपाक केला.

दुसऱ्या दिवशी मुंजाभाऊ आले. एका हातात माझी डिस्क, काखेत तो नवीन डबा. काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, "काकू, ही घालायची कुठून?"

मी डबा उलटा केला. सुलटा केला. मागून बघितलं, खालून बघितलं. गुळगुळीत. डिस्क घालायला फटच नाही! नवीन डबे असेच निघायलेत म्हणे. फक्त नेटवर चालणारे.

"सगळेच असे यायलेत का वो?" मी विचारलं.

"मॅडम म्हणत्यात, आता असेच यायचे."

मुंजाभाऊंनी डिस्क तशीच परत केली. मी ती पुसली, रॅकात जागेवर ठेवली. बाहेर बघितलं तर मामा चष्मा वर करून सगळं बघत होते. त्या दिवशी मी सविताशी भांडले पण नाही.

*

दसरा उजाडला. दोन्ही गाळ्यांना झेंडूची तोरणं. सविताचं तोरण जाड. तिच्या दारात ही लांब रांग, सणाला नवीन प्लॅन मारायला आलेली. जिन्याखाली मावेना म्हणून माणसं माझ्या पायरीवर बसलेली! माझ्याकडं गायकवाड सर आणि शिंदे कंपाउंडर, दोघंच. ते पण सोनं द्यायला आलेले, डिस्क घ्यायला नाही.

मामा काठी टेकत आधी माझ्या दुकानात आले. रॅकांवरून नजर फिरवली, खालपासून पार छतापर्यंत. म्हणाले, "लय जागा खातंय गं हे समदं."

मी पुढं आलेली दोन कव्हरं आत ढकलली. मी "हो मामा" म्हणाले.

मग ते सविताकडं गेले. मी पण मागोमाग गेले. जे काय असेल ते समोरच ऐकावं म्हणलं.

सवितानं लॅपटॉप मामांकडं फिरवला. तोंडावर नुसता आनंद. "हे बघा मामा. अक्काच्या दुकानात जेवढे गेम हायत, त्याच्या धापट ह्यात!"

"ठेवल्यात कुठं?"

"कुठंच न्हाई! नेटवर असत्यात. रॅक न्हाई, कपाट न्हाई. वीतभर जागा लागत न्हाई, मामा. अक्कांनी उगंच एवढा मोठा गाळा अडवून ठेवलाय."

"वीतभर पण न्हाई?"

"न्हाई की!"

"आन् ही माणसं?" मामांनी काठीनं रांग दाखवली. "ह्यांना तर यावं लागतंय न्हवं?"

"ते आज सण हाय म्हणून आलेत वो. फोनवरून होतंय समदं. घरबसल्या! पुढच्या वर्षी तर कुणालाच यायचं काम न्हाई."

मामांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला. सविताकडं बघितलं. लय मायेनं विचारलं,

"मंग बाळा, तुला मोठा गाळा कशाला पायजे?"