दसऱ्यानंतर मुका झालेला प्रिंटर

मानपाड्याच्या भोईरांची सून भावना ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये कॉम्प्युटर सांभाळते. लग्न झालं तेव्हा ती जेमतेम बारावी झालेली. सासरी चाळीचं भाडं येत होतं, सुनेने नोकरी करावी अशी काही गरज नव्हती. पण सासूबाई, बायजाबाई, म्हणाल्या, "जमीन गेली ती गेली. शिकलेलं कोन नेत नाय. तू जा किलासला, पोराला मी बगते." ते उपकार भावना आजही बोलून दाखवते, अगदी सासूच्या तोंडावर. मग सासूबाई लाजून पदर सावरतात.

यंदा दसऱ्याच्या सुट्टीत लॅबमधल्या सगळ्या कॉम्प्युटरांवर नवी सिस्टीम चढवली. दुसऱ्या दिवशी सकाळी बाकी सगळं सुरळीत, प्रिंटर तेवढा मुका. कुठूनही प्रिंट द्या, उत्तर एकच: प्रिंटर ऑफलाइन.

बाहेर बाकावर तुळसामावशी बसलेल्या. त्यांच्या मालकांचं, परशुरामांचं, दुपारी ऑपरेशन होतं आणि हॉस्पिटल सही-शिक्क्याच्या कागदी रिपोर्टावर अडून बसलेलं.

"बाय, कागद कवा भेटंल? डाक्टर बोलतो, कागदाबिगर आत नाय घेनार."

"देते गो मावशे. तू चहा घे तवर."

म्हणाली खरी, पण देणार कशी? प्रिंटर थेट जोडायची वायर ऑफिसात कुणाकडे नव्हती आणि समोरचं झेरॉक्सचं दुकान सणाचं अजून बंदच. भावनाने सगळं खापर नव्या सिस्टीमवर फोडलं. प्रिंटर काढून पुन्हा जोडला, ड्रायव्हर नवा टाकला, कॉम्प्युटर बंद-चालू केले. काही नाही. कंपनीच्या इंजिनिअरला फोन केला तर तो म्हणाला, "मॅडम, अपग्रेडनंतर होतंच असं. सोमवारी माणूस पाठवतो."

सोमवार म्हणे. भावनाने मनात गणपतीला हाक मारली आणि कॉम्प्युटर सोडून प्रिंटरपाशीच गेली. त्याच्याच बटणांनी त्याच्या माहितीचा कागद काढून पाहिला. तो छान, स्वच्छ आला. म्हणजे यंत्र ठणठणीत होतं. त्या कागदावर नेटवर्कवरचा त्याचा पत्ता छापलेला होता. तो वाचून ती थबकली. हा पत्ता ऑफिसचा नव्हता, पाहुण्यांसाठी जे वेगळं वायफाय ठेवलंय त्याचा होता. प्रिंटर आपला शेजारच्या घरी जाऊन बसलेला, आणि कॉम्प्युटर त्याला स्वतःच्या घरात शोधत होते.

"प्रिंटरला कुणी हात लावलेला का?"

मग काउंटरवरचे आनंदकाका, डोंबिवलीचे, सोवळ्याओवळ्याचे, हळूच उठले.

"मी लावला. खंडेनवमीला पूजेसाठी खाली घेतला होता. वायर काढली, नीट पुसला, हळदकुंकू वाहिलं. परत जोडताना भिंतीवर इंटरनेटचे दोन डबे. ज्याचे दिवे जास्त चमकत होते, त्यात खोचली."

"काका, देवाला सांगितलंत, मला नाही सांगितलंत."

सगळे हसले. काकाही हसले, पण कान लाल झालेले.

भावनाला मात्र त्यांचा राग येईना. सगळं जग नव्या सिस्टीमला नावं ठेवत होतं. काका गप्प राहिले असते तर ती वायरी धुंडाळत बसली असती. तिने वायर पाहुण्यांच्या डब्यातून काढून ऑफिसच्या डब्यात लावली, प्रिंटर बंद करून सुरू केला. आणि मग तो सुटलाच. सकाळपासून जो तो चार-चारदा प्रिंट दाबत होता ना, कुणाचा रजेचा अर्ज, कुणाचं रेशनकार्ड, सगळं धडाधड येऊ लागलं.

"ए, थांबवा ते. आधी परशुरामांचा."

तिने बाकीचं सगळं रद्द केलं आणि एकच रिपोर्ट सोडला. लॅबच्या सुमेधा डॉक्टरांनी उभ्याउभ्याच सही केली, शिक्का मारला. तुळसामावशींनी कागद दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावला.

"चला, मी सोडतो स्कूटरवर," आनंदकाका म्हणाले. "आज रिक्षा मिळायची नाही."

"पडनार नाय ना मी, भटजी?"

"घट्ट धरा म्हणजे झालं."

जेवणाच्या सुट्टीत काकांचा हॉस्पिटलमधून फोन आला. "भावना, घेतलं गं आत त्यांना. वेळेत पोचलो."

भावनाने डबा तसाच ठेवला आणि आधी हात जोडले. मग म्हणाली, "काका, पुढच्या वर्षी पूजा तुम्हीच करा. वायर तेवढी मी काढीन, आणि मीच लावीन."